सामाईक भिंतीचं जुनं घर पाडायचंय, ठेकेदार कसा निवडायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत वडिलोपार्जित दुमजली घर आहे, साधारण २० फूट रुंद आणि ५० फूट खोल. भिंती मातीत बांधलेल्या, दीड फूट जाडीच्या. खांब-तुळया सागवानी, वर कौलं. डावीकडची भिंत शेजाऱ्यांशी सामाईक आहे, उजवीकडचं घर चिकटून असलं तरी त्याची भिंत वेगळी आहे. दोन ठेकेदार बघून गेले. एक म्हणतो, "लाकूड, लोखंड, कौलं सगळं माझं, वर तुम्हालाच ४० हजार देतो." दुसरा १ लाख ८० हजार मागतो आणि लाकूड तुमचं तुमच्याकडे ठेवतो. यातला कोण घ्यावा, आणि लायसन्स बघायचं असतं का?

लायसन्सचं आधी सांगतो. पीडब्ल्यूडीची नोंदणी सरकारी कामं घेण्यासाठी असते. ती आहे म्हणजे त्या माणसाला मातीतली जुनी भिंत उतरवता येते, असा अर्थ होत नाही. जीएसटी नंबर मागा आणि पोर्टलवर तो टाकून नाव जुळतंय का बघा. त्यातून एवढंच कळतं की माणूस कागदावर सापडतो. पाडकामाची पात्रता कळते ती त्याच्या कामाच्या क्रमावरून, मजुरांच्या विम्यावरून आणि याआधी सामाईक भिंतीची कामं त्याने कशी सोडली आहेत यावरून.

आता खरा मुद्दा. तुम्ही दोन रकमांची तुलना करताय, आणि त्या दोन्ही रकमा लाकडावर ठरल्या आहेत. धोका मात्र डावीकडच्या भिंतीत आहे. लाकडावर डोळा ठेवून दर देणाऱ्याला तुळई लवकर आणि अखंड बाहेर काढायची असते. तुळईचं एक टोक सामाईक भिंतीत नऊ इंच ते फूटभर आत बसलेलं असतं, आणि त्याच भिंतीत पलीकडून शेजाऱ्यांच्या तुळयांची टोकंही असतात. पहारीने हिसका देऊन किंवा जेसीबीला साखळी बांधून तुळई ओढली की टोकाभोवतीची माती-वीट सुटते. शेजाऱ्यांच्या भिंतीला तडा जातो तो बहुतेक इथेच, जेसीबीच्या धडकेने क्वचित. म्हणून निवड या एका भिंतीवरून करा. बाकीचं घर कुणीही बऱ्यापैकी पाडू शकतो.

ठेकेदार जागेवर आला की त्याला बोलू द्या आणि तो काय बघतो ते बघा. कामाचा माणूस माळ्यावर चढतो, तुळयांची टोकं कुठे शिरलीत ते पाहतो, शेजाऱ्यांच्या घरात जाऊन पलीकडची बाजू बघू देता का विचारतो. परसात आड होता का, शौचालयाची टाकी कुठे आहे, हेही विचारतो. पेठांतल्या जुन्या घरांत बुजवलेला किंवा नुसत्या फरशीने झाकलेला आड हमखास निघतो, आणि त्यावर मशीन गेलं तर चाक आत जातं. जो गल्लीतून दोन फोटो काढून व्हॉट्सअॅपवर दर पाठवतो, त्याने यातलं काहीच धरलेलं नसतं.

मग त्याला एकच प्रश्न विचारा: "काम कुठून सुरू करणार आणि कुठल्या क्रमाने?" आयएस ४१३० हे पाडकामाच्या सुरक्षिततेचं भारतीय मानक आहे, १९९१ सालचं. त्याचं सार एवढंच की वरून खाली, एकेक मजला, आणि भार काढल्याशिवाय आधार काढायचा नाही. तुमच्या घराला तो क्रम असा लागतो. वीज-पाणी तुटल्याची खात्री झाल्यावर आधी कौलं उतरवायची, आढ्याच्या (छपराच्या माथ्यावरच्या तुळईच्या) दोन्ही बाजूंनी सारखी. एकच बाजू मोकळी केली तर छप्पर दुसरीकडे झुकतं आणि भिंतीचा माथा बाहेर ढकलतं. मग रिपा (कौलांखालच्या लाकडी पट्ट्या), वासे, आढं. त्यानंतर वरच्या मजल्याच्या भिंती हाताने, थर-थर करत खालच्या तक्तपोशीपर्यंत, म्हणजे मजल्याच्या फळ्यांपर्यंत. मग तक्तपोशी आणि तिच्या खालच्या कड्या (तुळयांवर टाकलेली बारीक आडवी लाकडं), मग तुळया आणि खांब, मग खालच्या भिंती, आणि सगळ्यात शेवटी जोतं. दारं-खिडक्यांची पानं आधी काढली तरी चालतात. चौकटी मात्र वरची भिंत उतरेपर्यंत हलवायच्या नाहीत, कारण जुन्या घरात वरची वीट बऱ्याचदा चौकटीवरच बसलेली असते. "आधी चौकटी आणि तुळया काढून घेतो, मग एका दिवसात जेसीबी फिरवतो" असं उत्तर आलं तर तिथेच थांबा.

सामाईक भिंतीपासून तीन फुटांच्या पट्ट्यात मशीन येणार नाही, हे त्याने स्वतःहून सांगायला हवं. त्या पट्ट्यातली तुळई भिंतीपासून चार बोटं सोडून करवतीने कापायची आणि टोक भिंतीतच राहू द्यायचं. लाकडाचा फूटभर तुकडा गेला तरी भिंत वाचते. टोक कुजलं असेल तर ते नंतर अलगद काढून खाचेत वीट आणि सिमेंटचा माल गच्च भरायचा, एकावेळी एकच खाच. आडव्या भिंती जिथे सामाईक भिंतीला जुळलेल्या असतात, तिथे त्या सरळ उभ्या कापू नयेत. दीड-दोन फुटांचा बुंधा तात्पुरता ठेवायचा. आजवर तुमचं घर त्या भिंतीला बाजूने आधार देत होतं. तो गेल्यावर १८ फूट उंचीची मातीतली भिंत एकटी उभी राहणार. तिला तिरके टेकू किती, कुठे आणि कशाचे द्यायचे हे ठेकेदाराने ठरवायचं काम नाही. त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरची एक भेट आणि सहीचा कागद घ्या. सगळ्या खर्चात ही रक्कम सगळ्यात लहान आणि सगळ्यात उपयोगी आहे. शेजाऱ्यांची बाजू कमकुवत आहे असं निघालं तर टेकू पाडकामाच्या आधी बसतात, नंतर नव्हे.

ती भिंत उघडी पडली की तिच्यावर गिलावा नसतो. मातीच्या सांध्यावर वळवाचा एक पाऊस तिरका लागला तरी माल वाहून जातो. म्हणून "भिंत मोकळी झाल्यापासून आठ दिवसांत जाळी मारून सिमेंटचा गिलावा, तोवर वरून ताडपत्री" हे दरातच धरून घ्या. बहुतेक दरपत्रकांत ते नसतं, आणि मग भिंत तुमची की त्यांची यावर वाद सुरू होतो.

मशीनबद्दल. जेसीबीची रुंदी साधारण साडेसात फूट असते, म्हणजे वळण धरून निदान दहा फुटांची गल्ली लागते. बोळ अरुंद असेल तर तीन टनांचं छोटं एक्स्कॅव्हेटर पाच-सव्वापाच फुटांतून जातं. पण जे मशीन भिंतीच्या माथ्यापर्यंत पोहोचत नाही, त्याने ती भिंत खालून ओढायची नाही. वरचा भाग मशीनवर किंवा उलट्या बाजूला पडतो. तुमच्या घरात वरचा मजला हातानेच उतरवावा लागेल. मशीन खालच्या भिंतींना, जोत्याला आणि भरणीला. फक्त मशीनवर दर देणारा एकतर घर नीट बघून गेलेला नाही किंवा शेजाऱ्यांची त्याला काळजी नाही.

पाडलेला माल वरच्या मजल्यावर साठू देऊ नका. मोकळ्या खरमातीचं, म्हणजे पाडलेल्या विटा-मातीच्या राड्याचं, वजन घनफुटाला साधारण ४० किलो धरा. १० बाय १२ च्या खोलीत फूटभर ढीग झाला की पावणेपाच टनांच्या पुढे वजन होतं. जुन्या कड्या ते पेलत नाहीत आणि मजला मजुरांसकट खाली येतो. यावर उपाय म्हणजे रोजचा माल पत्र्याच्या किंवा फळ्यांच्या घसरणीवरून रोज खाली. तसंच संध्याकाळी काम थांबताना एकटी सुटी उभी भिंत पुरुषभर उंचीपेक्षा जास्त ठेवायची नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वादळी वारा सुटतो आणि अशी भिंत रात्रीत पडते.

आता लाकूड, कारण ४० हजारांचं कोडं त्यातच आहे. मोजमाप तुम्ही स्वतः करू शकता. खांब ६ बाय ६ इंच आणि ९ फूट उंच असेल तर अर्धा गुणिले अर्धा गुणिले नऊ, म्हणजे सव्वादोन घनफूट. तुळई ८ बाय ६ इंच, १२ फूट लांब असेल तर बरोबर ४ घनफूट. एका रविवारी टेप घेऊन सगळे खांब, तुळया, कड्या, चौकटी मोजून वहीत लिहा. मग या दोन ठेकेदारांशी संबंध नसलेल्या जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याला बोलवून दर घ्या. शक्य असेल तर दोघांना. सगळं साग निघेलच असं नाही. कड्यांना बऱ्याचदा जांभूळ, ऐन, किंजळ वापरलेलं असतं आणि त्याचा भाव सागापेक्षा पुष्कळ कमी. पुरात बसलेलं घर असेल, म्हणजे २०१९ किंवा २०२१ मध्ये आत पाणी आलं असेल, तर खांबांची खालची टोकं आणि भिंतींचा पाया दोन्ही तपासा. तळ भिजून मऊ झालेला असेल तर वरचा सगळा क्रम आणखी सावकाश करावा लागतो.

लाकडाची किंमत हातात आली की पहिल्या ठेकेदाराचा दर आपोआप उलगडतो. समजा लाकूड, लोखंड आणि कौलं मिळून तीन लाखांचं निघालं, तर तो तुम्हाला ४० हजार देतोय याचा अर्थ पाडकामाचे तो दोन लाख साठ हजार घेतोय. दीड लाखाचंच निघालं तर १ लाख १० हजारांत तो टेकू, गिलावा, विमा आणि खरमाती सगळं कसं बसवणार, हा प्रश्न उरतो, आणि त्याचं उत्तर बहुधा 'बसवणार नाही' असंच असतं. हे आकडे नुसते हिशोब समजण्यासाठी घेतलेत, तुमचे तुम्ही काढा. लाकूड वेगळं विकावं आणि पाडकामाला रोख दर द्यावा, हे माझं स्पष्ट मत. पाडणाऱ्याला तुळई अखंड काढण्याची घाई उरत नाही आणि सामाईक भिंतीपाशी तो करवत वापरतो.

खरमातीचा हिशोब दरपत्रकात सगळ्यात जास्त झाकलेला असतो. तुमच्या घराचा अंदाज काढू. डावीकडची भिंत राहणार, म्हणजे उजवीकडची ५० फूट, पुढची-मागची मिळून ४० आणि आतल्या तीन आडव्या भिंती १७ फुटांच्या धरून ५१. एकूण १४१ फूट लांबी, दीड फूट जाडी, १८ फूट उंची: सुमारे ३,८०० घनफूट. दारं-खिडक्यांचे १५ टक्के वजा केले तर ३,२०० च्या आसपास, म्हणजे ३२ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) घट्ट बांधकाम, वजनाने १६० टनांच्या पुढे. पाडल्यावर माल साधारण तिसऱ्या हिश्श्याने फुगतो, तो ४३ ब्रास होतो. वरच्या मजल्यावर चार इंच मातीची भुई असेल तर आणखी तीन. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सुमारे एक ब्रास बसतो, म्हणजे ४५ ते ५० खेपा. जोतं काढायचं ठरलं तर त्या वेगळ्या. "आठ-दहा ट्रॉल्या होतील, मी उचलतो" असं कुणी म्हणालं तर उरलेल्या खेपा तुमच्या माथी येणार आहेत हे धरून चाला.

माल कुठे टाकणार हेही लिहून घ्या. केंद्रीय नियमांनी बांधकाम-पाडकामाच्या कचऱ्याची जबाबदारी तो निर्माण करणाऱ्यावर टाकली, म्हणजे इथे मालकावर. जयंती नाल्यात किंवा पंचगंगेच्या पूररेषेतल्या शेतात रात्री ट्रॉली रिकामी झाली तर ठेकेदार नामानिराळा राहतो आणि नोटीस घरमालकाला येते. पाणीही मग पुढच्या पावसात कुणाच्या तरी घरात शिरतं. महापालिकेच्या विभागीय कार्यालयात जागा विचारा आणि प्रत्येक खेपेची चिठ्ठी ठेवा. निम्मा माल तर टाकायची गरजच नसते. मातीतल्या विटा सहज साफ होतात, अख्ख्या विकल्या जातात. अर्ध्या तुकड्यांचं सोलिंग (फरशीखालचा भरणीचा थर) होतं. जोत्याचा घडीव काळा दगड तर फेकायची वस्तूच नव्हे, तो नव्या पायात किंवा कुंपणात घ्या. भिंतीची कोरडी माती भरावाला चालते, फक्त त्यात लाकडाचा चुरा आणि प्लास्टिक राहू देऊ नका.

मागच्या पडवीवर सिमेंटचे जुने पत्रे असतील तर त्यात अॅसबेस्टॉस असण्याचीच शक्यता जास्त. ते घणाने फोडायचे नाहीत. पाणी मारून ओले करायचे, बोल्ट काढून अखंड उतरवायचे आणि वेगळे बांधून ठेवायचे.

मजुरांचा विमा या मुद्द्यावर अजिबात सवलत देऊ नका. ज्याला बाजारात डब्ल्यूसी पॉलिसी म्हणतात ती ठेकेदाराच्या नावाची, तुमच्या कामाच्या कालावधीतली आणि प्रत्यक्ष येणाऱ्या मजुरांच्या संख्येला पुरेशी असावी. झेरॉक्सवर समाधान मानू नका, विमा कंपनीकडून क्रमांक तपासा. "माझी माणसं मुरलेली आहेत, काही होत नाही" हे उत्तर नाही. छपरावरून माणूस पडला तर त्याच्या घरच्यांना पैसे मिळायला हवेत, आणि ते कुणाच्या दयेवर सोडू नयेत.

ठेकेदार ठरवण्याआधी तुमच्या बाजूची काही कामं आहेत. प्रॉपर्टी कार्डावर जेवढी नावं आहेत त्या सगळ्यांची लेखी संमती हवी. चुलत्यांपैकी एकाने जरी काम थांबवलं तरी अर्धवट पाडलेलं घर पावसात उभं राहतं. घरात जुना भाडेकरू असेल तर भाडे नियंत्रण कायद्याचा प्रश्न येतो. वकिलाशी बोलल्याशिवाय कौलालाही हात लावू नका. भूमी अभिलेखकडून हद्दीची मोजणी आत्ताच करून घ्या, कारण आज हद्द भिंत दाखवते, उद्या ती नसेल. आर्किटेक्टकडून आहे त्या बांधकामाचा मोजमापाचा नकाशा आणि फोटो घ्या, पुढे घरफाळ्याला आणि नव्या परवानगीला तेच उपयोगी पडतात. नगररचना विभागातली परवानगी आर्किटेक्टमार्फत घ्या. "ते मी बघतो" म्हणणाऱ्या ठेकेदारावर सोडू नका. महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आली असेल किंवा वास्तू वारसा यादीत असेल तर रस्ता वेगळा, तोही आर्किटेक्टच सांगेल.

महावितरणचा मीटर नुसता बंद करून भागत नाही, खांबावरून येणारी वायर काढून घ्यावी लागते. पेठेत एक गोष्ट हमखास सुटते: शेजाऱ्यांची सर्व्हिस वायर किंवा केबल तुमच्या भिंतीच्या हुकावरून पुढे गेलेली असते. ती आधी हलवा. पाण्याची जोडणी मुख्य लाइनपाशी बंद करून घ्या आणि गटारीच्या चेंबरवर फरशी टाका, नाहीतर मातीने सगळ्या गल्लीची गटार तुंबते.

शेजाऱ्यांकडे स्वतः जा, ठेकेदाराला पाठवू नका. दोघांनी मिळून त्यांच्या घरातल्या प्रत्येक भिंतीचे फोटो काढा. आहेत त्या तड्यांवर पेन्सिलने टोकापाशी खूण आणि तारीख लिहा. काम चालू असताना तडा त्या खुणेच्या पुढे सरकला तर लगेच दिसतं आणि काम थांबवता येतं. कागदावर दोघांच्या सह्या घ्या.

करार ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर करा आणि कामाचा क्रम त्यात शब्दशः लिहा. आगाऊ १० ते १५ टक्क्यांपेक्षा जास्त देऊ नका. एक हप्ता छप्पर उतरल्यावर, एक वरचा मजला साफ झाल्यावर, आणि निदान २५ टक्के गिलावा होऊन शेवटची ट्रॉली गेल्यावर. मालाच्या बदल्यात काम देत असाल तर उलटं: त्याच्याकडून अनामत घ्या आणि लाकूड टप्प्याटप्प्यानेच बाहेर जाऊ द्या. लाकूड एकदम गेलं की ठेकेदारही जातो आणि तुमच्याकडे खरमातीचा डोंगर उरतो.

तेव्हा दोघांनाही नकार देऊ नका. दोघांकडे एकच कागद द्या: लाकूड मालकाचं, वरचा मजला हाताने, सामाईक भिंतीपासून तीन फूट मशीन नाही, टेकू इंजिनिअरच्या कागदाप्रमाणे, गिलावा आणि ५० खेपा दरात धरून, विमा सोबत. यावर नवीन दर मागा आणि दोघांची प्रत्येकी दोन झालेली कामं बघून या. बघायला जाल तेव्हा पाडलेल्या घराच्या मालकापेक्षा शेजारच्या घरात विचारा. तिसरा दर बाहेरून घ्या, राजारामपुरीत किंवा कसबा बावड्यात काम करणाराही चालेल.

मोजणी, संमती आणि परवानगी मे आधी हातात पडत नसेल तर यंदा पाडू नका. छप्पर शाबूत ठेवा, पावसाळा जाऊ द्या आणि दिवाळीनंतर सुरू करा. जूनमध्ये अर्धी उतरलेली मातीची भिंत कुठल्याही ठेकेदाराला सांभाळता येत नाही.